पोथीचा वाटा

पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी ५३. गुरुचरित्राच्या सप्ताहाची ही वाटणी कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत तोंडपाठ असते, आणि ज्यांनी पोथी कधी हातात धरली नाही त्यांना ती जास्त पक्की ठाऊक असते. आमच्या आईला होती. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय, म्हणजे बाबा उशिरा उठणार, म्हणजे नैवेद्याचा भात जरा मागून टाकायचा. पाचव्या दिवशी अध्याय तीनच. पण त्यातला छत्तिसावा म्हणजे गृहस्थानं पहाटे उठल्यापासून काय काय करावं याची लांबच लांब यादी, त्यामुळे तो दिवस दिसतो तेवढा सोपा नाही. हे सगळं तिनं पोथी न उघडता शिकून घेतलं होतं. उघडायची नाही, असंच तेव्हा आमच्याकडे होतं. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये हा दंडक आमच्या घरात कुणी घातला ते कुणाला माहीत नव्हतं, पण मोडलाही कुणी नव्हता.

दत्तजयंतीच्या आधीचा तो आठवडा. बाबा सोवळं नेसून एकाच जागी, पूर्वेला तोंड करून बसायचे. शेजारी दत्तमहाराजांसाठी एक रिकामा पाट. एकदा वाचायला बसलं की मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. एकवेळ हविष्यान्न, रात्री जमिनीवर घोंगडी. दूधवाला, पेपरवाला, शेजारची वाटी मागायला आलेली पोर, सगळ्यांना आई दारातूनच हातानं खुणा करून परतवायची. मग जयंती, समाप्ती, पारणं. पोथी लाल रुमालात बांधून कपाटात जायची आणि दुसऱ्या दिवशी बाबा डबा घेऊन कचेरीत. पुढचं वर्षभर त्यांच्या तोंडून अध्यात्माचा एक शब्द निघायचा नाही. आई एकदा म्हणाली होती, ‘आठवडाभर तुझे बाबा पोथीत आणि मी पोथीबाहेर, पण उपास दोघांचा.’

तिच्या या वाक्यातली खोच मला कळते आणि मी तिच्याच बाजूची आहे. तरी एक गोष्ट बाबांच्या बाजूनं मांडायला हवी. त्या सात दिवसांची किंमत आईनं मोजली हे खरं. पण ती किती हे आधी ठरलेलं होतं, घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि तिला शेवट होता. आज कुठल्या अध्यायापर्यंत जायचं हे वाचणाऱ्याला जेवढं कळायचं तेवढंच स्वयंपाकघरालाही.

आता माझ्यासारख्यांचं वाचन घ्या. मी सहकारी बँकेत नोकरी करते, सांगलीत. सकाळी लवकर, रात्री उशिरा आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी वाचते. ‘अमृतानुभव’, ‘विज्ञानभैरव’, अधूनमधून ‘योगवासिष्ठ’. शिवसूत्रांकडे मला ज्ञानेश्वरांनीच नेलं. ‘अमृतानुभवा’त ते त्यांचा दाखला देतात. एकदा त्या वाटेला लागलं की काश्मीर आलंच आणि अभिनवगुप्ताचा ‘तंत्रालोक’ही आला. त्याची सदतीस आह्निकं आहेत, वर जयरथाची टीका आहे, आणि हे सगळं आज फोनवर उतरवून घेता येतं. एके काळी असल्या ग्रंथाला गुरू लागायचा, अधिकार लागायचा, निदान कुणाची तरी परवानगी लागायची. ते सगळं गेलं, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर फार बरं झालं; नाहीतर मीही पोथीबाहेरच राहिले असते. पण अधिकाराच्या अटीबरोबर वाटणीही गेली. ‘तंत्रालोका’चा सप्ताह नसतो. समाप्ती नाही, पारणं नाही, आज कुठं थांबायचं ते पोथीच्या शेवटच्या पानावर छापलेलं नाही. माझं किती झालं, किती राहिलं, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर लिमिट मंजूर न करता उघडलेलं कॅश क्रेडिट खातं: उचल कितीही, आणि व्याज दुसऱ्याच्या नावावर.

गूढ अध्यात्म वाचायचं आणि संसारही सांभाळायचा, तर तोल कसा साधायचा, असं लोक फार गंभीरपणे विचारतात. विचारणारा नेहमी वाचणारा असतो. जणू तोल ही त्याच्या एकट्याच्या आतली गोष्ट आहे, थोडं ध्यान, थोडं वेळापत्रक असं करून बसवता येईल अशी. घरातल्या दुसऱ्या माणसाला हा प्रश्न कधी पडलेला मी पाहिला नाही. त्याला वेगळे प्रश्न असतात. सिलिंडर कोण लावणार, शाळेच्या सभेला कोण जाणार.

या वाचनाचा पहिला परिणाम बोलण्यावर होतो, असं माझं निरीक्षण आहे. कादंबरी वाचून माणूस फार तर दोन दिवस उदास राहतो. हे ग्रंथ मात्र आपण जिथं उभं राहून जगाकडे बघतो ती जागाच मागतात, आणि जागा देणं अवघड असल्यामुळे आपण घाईनं त्यांचे शब्द उचलतो. आमच्या एका शाखेत ‘योगवासिष्ठा’त बुडालेले एक गृहस्थ होते. सज्जन माणूस. पण त्यांच्या बोलण्यात ‘मी अकर्ता’ फार यायला लागलं तसतशी त्यांच्या टेबलावरची व्हाउचर शेजारच्या टेबलावर यायला लागली. कर्तेपण सुटलं होतं, पण ते कुणाच्या अंगावर पडलं हे त्यांनी बघितलं नव्हतं. समर्थांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आणि शेवटचा समास पढतमूर्खांसाठी राखून ठेवला, तो उगाच नाही. मूर्ख आणि पढतमूर्ख एकाच दशकाच्या दोन टोकांना बसवणारा माणूस वाचणाऱ्यांना चांगलंच ओळखून असणार.

याबाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायानं, आणि सासूबाईंनी. त्यांची नजर आता कमी झाली आहे, म्हणून संध्याकाळी मी त्यांना ज्ञानेश्वरी वाचून दाखवते. या अध्यायाला जाणकार फार मान देतात. नाथपंथाचं गुपित ज्ञानेश्वरांनी इथं मराठीत उघडं केलं. गीतेच्या श्लोकांत ज्याचा उच्चारही नाही ती कुंडलिनी इथं जागी होते. वाचणारे हा भाग आला की आपसूक पाठ ताठ करतात, मणक्यात काही ऊब जाणवते का बघतात. मी सावकाश वाचत होते. जागी झालेली कुंडलिनी भुकेली असते. ती शरीरातलंच खायला लागते, जिथं मांस सापडेल तिथं घास घेते, तळहात-तळपायही सोडत नाही, सातही धातू पिऊन टाकते, आणि मग कुठं तृप्त होऊन शांत होते. ज्ञानेश्वर हे वर्णन इतक्या तपशिलानं, इतक्या जिवंतपणे करतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अगं, हे सगळं होईपर्यंत त्याला जेवायला कोण घालतं?’

मी हसले. पण पुढं वाचत गेले तर ज्ञानेश्वरही त्याच प्रश्नाकडे येतात! गीतेत आसन, एकांत, मन आवरणं हे सगळं झाल्यावर सोळावा आणि सतरावा श्लोक येतो: फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, फार झोपणाऱ्याला नाही आणि जागं राहणाऱ्यालाही नाही. ज्ञानेश्वर तिथं उभे राहून घास, पावलं, शब्द, झोप, सगळं मापात आणतात. म्हणजे पंथाची सगळ्यात झाकलेली गोष्ट सांगून झाल्यावर, त्याच अध्यायात, थोड्याच ओव्यांच्या अंतरावर, दोन घास कमी-जास्त. मी हा अध्याय आधीही वाचला होता, पण एकटीनं वाचताना डोळे कुंडलिनीपाशीच थांबत. जेवणाच्या ओव्या वाचल्या जात, दिसत नसत. मोठ्यानं वाचल्यावर, आणि समोर कुणी तांदूळ निवडत बसलेलं असल्यावर, त्या दिसल्या.

लोकांनी तर या योगाग्नीचं आणखीच एक केलं. मांड्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताई कुंभाराकडे परळ आणायला गेली, आणि विसोबा चाटीनं कुंभारांना दम देऊन तिला रिकाम्या हातानं परतवलं. तेव्हा ज्ञानेश्वरांनी अग्नी चेतवला, पाठ तव्यासारखी तापली, आणि मुक्ताईनं त्यावर मांडे भाजले. कीर्तनकार ही गोष्ट विसोबाचं गर्वहरण म्हणून सांगतात. पुढं तोच विसोबा खेचर झाला, नामदेवांचा गुरू झाला. मला मात्र तिच्यातली व्यवस्था आवडते. आपल्या माणसांना सहाव्या अध्यायातल्या त्या गूढ आगीचा काही उपयोग सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी आकाशगमन सांगितलं नाही, परकायाप्रवेश सांगितला नाही. भांडं मिळालं नाही म्हणून अडलेला स्वयंपाक सांगितला. आणि त्यात योगी ओणवा आहे, त्याची बहीण काम करते आहे. त्या योगमार्गाचं इतकं घरगुती भाष्य मी कुठल्या टीकेत वाचलेलं नाही.

‘विज्ञानभैरवा’तही असं काही सापडतं. भैरव देवीला एकशे बारा धारणा सांगतो. श्वास, शून्य, नाद हे सगळं आहेच; पण मधूनच तो शिंकेच्या आरंभी आणि अखेरी लक्ष ठेवायला सांगतो. भीतीच्या क्षणी, शोकात, रणातून पळताना, भूक लागताना आणि भागताना. खूप दिवसांनी आप्त भेटल्यावर होणारा आनंद, खाण्यापिण्याच्या चवीतून उसळणारा आनंद, ह्याही धारणाच. हे वाचून मी खूश झाले होते, कारण इतका गहन ग्रंथ आपल्याला पुन्हा जेवणाच्या पानावर आणून बसवतो. मग लक्षात आलं की पान वाढलेलं आहे, आणि कुणी वाढलं ते ग्रंथ सांगत नाही. स्वयंपाक करणाऱ्याची धारणा मला त्या एकशे बारांत सापडली नाही. ग्रंथाचं हे उणं मी मनात ठेवून देते, पुढच्या वाचनासाठी.

निसर्गदत्त महाराजांचं बोलणं वाचतानाही माझं लक्ष असंच भलतीकडे जातं. मुंबईत खेतवाडीच्या गल्लीत विड्यांचं दुकान, वर माळ्यावर जगभरातून आलेले लोक, आणि महाराज मराठीत उत्तरं देताहेत. मॉरिस फ्रीडमन यांनी ती बोलणी इंग्रजीत आणली, १९७३ साली. ‘मी आहे’ या जाणिवेपाशी थांबा, एवढंच त्यांचं सांगणं. पण त्या एवढ्यावर माणसं आयुष्य घालवतात. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज १९३६ साली गेले आणि त्यानंतर निसर्गदत्त घर, दुकानं सोडून निघाले, भटकले आणि परत आले. उरलेल्या एका दुकानावर पुढची वर्षं काढली. परत आले हे लोक कौतुकानं सांगतात आणि कौतुकाचंच आहे. मला मात्र मधल्या काळात गल्ल्यावर कोण बसत होतं याची चौकशी करावीशी वाटते. आमच्या पेशाची खोड असेल.

पेशाचा विषय निघालाच आहे तर एकनाथांची गोष्ट सांगायला हवी, कारण मार्चअखेरला ती मला हटकून आठवते. देवगिरीवर जनार्दनस्वामी किल्लेदार होते आणि त्यांनी नाथांना हिशेब तपासायला बसवलं होतं. एका पैचा फरक निघाला. नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले, पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदानं टाळी वाजवली, आणि जनार्दनस्वामी म्हणाले, हेच लक्ष देवाकडे लावलंस तर! गोष्ट इथंच संपवतात, म्हणजे हिशेब क्षुद्र आणि देव थोर. पण गुरूनं हिशेब काढून घेतला नव्हता, तोच दिला होता, आणि लक्ष लावायला जे शिकायचं ते नाथ त्या वहीवरच शिकले. ताळेबंद जुळवताना रात्री उशिरापर्यंत बसलेल्या कुणालाही हे सांगायला नको. त्या वेळी मन इकडेतिकडे जात नाही. माझं ‘अमृतानुभव’ वाचताना जातं. पुढं नाथांनी पैठणला संसार केला आणि भागवताच्या एकाच स्कंधावर, अकराव्यावर, केवढा थोरला ग्रंथ लिहिला. तो १५७३ साली काशीत पुरा झाला. एकच स्कंध. संपूर्ण भागवत हाताशी असताना आपला वाटा तेवढाच, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

वाटा ठरवण्याची ही रीत आपल्याकडे सगळीकडे आहे. आपण तिच्याकडे कर्मकांड म्हणून बघतो, त्यामुळे ती दिसत नाही. चातुर्मासात देवळात पोथी लावतात, संध्याकाळी ठरावीक वेळ, ठरावीक भाग, मग घंटा. कुणी रोज दासबोधाचा एक समास वाचतं, कुणी ज्ञानेश्वरीच्या नऊ ओव्या. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीता सांगितली ती दर रविवारी एक अध्याय, २१ फेब्रुवारी ते १९ जून. अठरा रविवार, अठरा अध्याय, आणि साने गुरुजी उतरवून घेत होते. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात तर हे जमाखर्चासारखं फळ्यावर लिहिलेलं असतं: पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, मग प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन. त्याच फळ्यावर खाली आजची पंगत कुणाची तेही असतं. व्यासपीठावर बसणाऱ्याचं नाव आणि भाकऱ्या पुरवणाऱ्या आळीचं नाव एका खडूनं लिहिलेलं. अध्यात्माच्या कुठल्या जाड ग्रंथाच्या श्रेयनामावलीत असं दिसत नाही. या फळ्याला मी फार मानते.

इथपर्यंत सगळं ठीक चाललंय, आणि इथंच तुकोबा आडवे येतात. कारण भंडाऱ्यावर जाणाऱ्या माणसाचा वाटा कोण ठरवणार होतं? रोज नऊ ओव्यांच्या नेमानं गाथा झाली नसती. त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट बँकेतल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही. कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण परंपरा सांगते की आधी त्यांनी खतांची वाटणी केली. निम्मी धाकटा भाऊ कान्होबा याला दिली, आणि मग आपल्या वाट्याची निम्मी नदीत टाकली. विरक्तीच्या त्या टोकालाही दुसऱ्याची येणी बुडवायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना कळत होतं. वाटणी त्यांना चांगलीच समजत होती.

जिजाईचा वाटा मात्र त्या वाटणीत निघाला नाही. दुष्काळात सवत गेलेली, घरात पोरं, आणि ती भाकरी बांधून डोंगर चढते आहे. तिच्या तोंडचा कडवटपणा चरित्रकारांनी चवीनं रंगवला, तिला कजाग ठरवलं; तिच्या पायात काटा रुतला तेव्हा विठ्ठलानं तो काढला, असंही सांगितलं. तो काटा काढणारी गोष्ट मला लोकांच्या मनातली टोचणी वाटते. हिशेबात कुठंतरी फरक राहिलाय हे त्यांना कळलं होतं, आणि तो भरून काढायला खुद्द देवाला खाली यावं लागलं. मला जिजाई म्हणून जगायचं नाही आणि गाथा नसलेली मराठीही नको आहे. ही दोन्ही वाक्यं एका माणसानं एका दमात कशी म्हणावीत हे मला जमवता आलेलं नाही. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘तू काही तुकाराम नाहीस, तेव्हा तुला ती अडचण नाही.’ हे खरंच आहे.

म्हणून माझ्यापुरतं मी वाटणीचंच धरून चालते, आणि आता ती घरात सांगून ठेवते. मार्चअखेर संपेपर्यंत ‘अमृतानुभव’ कपाटात. सातवा अध्याय, अज्ञानखंडनाचा, सगळ्यात लांब. तो मी दिवाळीच्या सुट्टीत घेतला होता, आणि तेवढे दिवस फराळ बाहेरून आणायचा हे नवऱ्यानं आधीच कबूल केलं होतं. चकल्या बऱ्या होत्या. आता एप्रिलमध्ये ज्ञानखंडनाचा आठवा. त्या आठवड्यात सकाळचे डबे त्याच्याकडे. त्यानं विचारलं, ‘केवढा आहे?’ मी पोथी काढून दाखवली. जेमतेम वीसेक ओव्यांचा. तो सुटकेनं ‘मग काही हरकत नाही’ म्हणाला. नववा केवढा आहे ते त्यानं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.